नेदरलँड्सच्या राजघराण्याचा इतिहास पाहायला ॲमस्टरडॅमचा एक राजवाडा पुरेसा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये मुलीकडे आइंडहोवनला येताय, हाताशी दोन-तीन आठवडे आहेत, राजघराण्यांच्या इतिहासाची मनापासून आवड आहे. पण जो भेटेल तो सांगतो की डच राजवाडे व्हर्सायपुढे फिके, ॲमस्टरडॅमचा तेवढा बघा आणि मोकळे व्हा. हे खरं आहे का?

माझं उत्तर: एक अजिबात पुरेसा नाही, आणि ॲमस्टरडॅमपासून तर सुरुवातच करू नका.

मी बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये राहते आणि या घराण्याच्या मागे लागून इथले राजवाडे, चर्च, पागा, प्रदर्शनं पुन्हा पुन्हा बघत आले आहे. सोनं, आरसे, झुंबरं बघायची असतील तर पॅरिस-व्हिएन्नाच गाठावं. इथे बघायचं ते वेगळंच. ऑरेंज घराणं मुळात राजघराणं नव्हतंच. सोळाव्या शतकाच्या शेवटापासून पुढची दोनशे वर्षं हा देश प्रजासत्ताक होता. ऑरेंजचे राजपुत्र होते ‘स्टॅडहोल्डर’, म्हणजे वेगवेगळ्या प्रांतांच्या सभांनी नेमलेले अधिकारी आणि सेनापती. कागदोपत्री चाकर, प्रत्यक्षात कर्ते. पेशवेपद जसं नेमणुकीचं असूनही एकाच घरात राहिलं, तसंच काहीसं इथे झालं. राजमुकुट आला तो थेट १८१५ मध्ये. हा प्रवास डोक्यात ठेवून फिरलात तर प्रत्येक वास्तू वेगळी बोलते. म्हणून मी सांगेन तो क्रम इतिहासाचा आहे, नकाशावरच्या अंतरांचा नाही.

पहिलं ठिकाण डेल्फ्ट. आइंडहोवनहून रेल्वेनं सव्वा-दीड तासात पोचाल. घराण्याचा मूळपुरुष विलेम ऑफ ऑरेंज यानं स्पेनच्या राजाविरुद्धच्या उठावाचं नेतृत्व केलं आणि १० जुलै १५८४ रोजी याच गावात, प्रिन्सेनहोफ या त्याच्या राहत्या वास्तूत, बाल्थाझार जेरार्ड्स नावाच्या माणसानं त्याला गोळ्या घातल्या. जिन्याजवळच्या भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणा काचेआड जपून ठेवल्या आहेत. प्रिन्सेनहोफ २०२४ च्या अखेरीस मोठ्या नूतनीकरणासाठी बंद झालं, त्यामुळे तुम्ही याल तेव्हा उघडलं आहे का ते आधी बघून घ्या. ते बंद असलं तरी डेल्फ्ट चुकवू नका, कारण खरी गोष्ट चौकातल्या निउवे केर्क या चर्चमध्ये आहे.

तिथे विलेमची समाधी आहे. हेन्ड्रिक दे केसर या शिल्पकारानं १६१४ मध्ये काम सुरू केलं आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलानं १६२३ मध्ये ते पुरं केलं. खर्च केला तो प्रजासत्ताकाच्या संसदेनं, घराण्यानं नव्हे. एका माणसाच्या थडग्यावर सबंध देशाची ओळख उभी करायची, असा तो बेत होता. समाधीला एक पूर्ण प्रदक्षिणा घाला, घाई करू नका. पुढच्या बाजूला चिलखत घातलेला, बसलेला विलेम ब्राँझचा आहे. आत पांढऱ्या संगमरवरात तोच विलेम आडवा पहुडलेला आहे. पायाशी त्याचा कुत्रा आहे. एकदा रात्री छावणीवर छापा पडला तेव्हा कुत्र्यानं भुंकून त्याला उठवलं आणि त्याचा जीव वाचवला, अशी कथा आहे. मागच्या टोकाला कीर्तिदेवता तुतारी घेऊन एका पायाच्या चवड्यावर उभी आहे. एवढ्या वजनाचं ब्राँझ तेवढ्याशा आधारावर कसं तोललं असेल, हे बघत मी तिथे बराच वेळ उभी राहते. चारही कोपऱ्यांत स्वातंत्र्य, न्याय, धर्म आणि धैर्य यांच्या मूर्ती आहेत. स्वातंत्र्याच्या हातात तलवार नाही, टोपी आहे.

या समाधीखालच्या तळघरात घराण्यातल्या बहुतेकांना पुरलं आहे. राणी युलियाना आणि तिचा नवरा प्रिन्स बर्नहार्ड, दोघंही २००४ मध्ये तिथेच विसावले. तळघर जनतेला कधीच खुलं नसतं. पण हे सगळे डेल्फ्टमध्ये का, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: घराण्याचं पिढीजात दफनस्थान होतं ब्रेडा, आणि १५८४ मध्ये ब्रेडा स्पॅनिशांच्या ताब्यात होतं. युद्धाची ती अडचण पुढे परंपरा होऊन बसली.

दुसरं ठिकाण, आणि ज्याला मी सबंध दिवस द्यायला सांगेन ते, म्हणजे आपेलडोर्नचा हेट लो राजवाडा. या एका जागेसाठी बाकीच्या दोन जागा सोडल्यात तरी मला चालेल. विलेम तिसरा आणि त्याची बायको मेरी यांनी १६८४ मध्ये ही मालमत्ता घेऊन इथे शिकारीसाठी राहायचं घर बांधायला काढलं. नंतर १६८९ मध्ये हे जोडपं इंग्लंडच्या गादीवर बसलं आणि घर अपुरं वाटू लागलं. मग मुख्य इमारतीच्या दोन्ही बाजूंच्या कमानदार ओवऱ्या काढून बागेच्या टोकाला नेल्या आणि त्यांच्या जागी नव्या खोल्या बांधल्या. आज बागेत फिरताना त्या अर्धगोल ओवऱ्या दिसतील, त्या मुळात घराचाच भाग होत्या.

सगळे जण बागेचे फोटो काढतात, आणि बाग आहेच तशी. पण तुम्ही आधी तळघरात जा. तिथे मेरीचं खासगी स्वयंपाकघर आहे. भिंतींना डेल्फ्टच्या टाइल्स, आणि बागेतली फळं आणून ही बाई स्वतः इथे मुरांबे घालायची. शेजारी शिंपल्यांनी मढवलेली गुहेसारखी खोली, गारव्याला बसायची. इंग्लंडची राणी आणि मुरांब्याची पातेली! या देशातल्या सत्तेचा घरगुतीपणा त्या खोलीइतका मला दुसरीकडे कुठेच दिसला नाही. मेरीला निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांचं वेड होतं. ट्युलिप एकेका तोटीत खोचायच्या उंच मनोऱ्यासारख्या फुलदाण्या तिच्यामुळेच मिरवल्या गेल्या.

बागेची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. नेपोलियनचा भाऊ लुई इथला राजा झाला तेव्हा त्यानं ती आखीव बाग बुजवून वर इंग्रजी पद्धतीची मोकळी हिरवळ केली आणि विटांच्या इमारतीला पांढरा गिलावा दिला. जवळजवळ पावणेदोनशे वर्षं ती बाग जमिनीखाली होती. १९७० च्या दशकात जुनी चित्रं आणि वर्णनं हाताशी धरून ती उकरून काढली, वीट उघडी केली आणि १९८४ मध्ये राजवाडा संग्रहालय म्हणून खुला झाला. वरच्या बागेतलं कारंजं तेरा मीटर उंच उडतं. मूळ रचनेत त्याला उंचावरच्या झऱ्यांचं पाणी नळांनी आणलं होतं, केवळ उताराच्या जोरावर. त्या काळी फ्रान्समध्येही कारंजी सतत चालू ठेवणं जमत नव्हतं, म्हणून विलेमला याचा मोठा अभिमान होता.

इथले दोन हत्ती मला कायम आठवतात. हान्स आणि पार्की ही जोडी डच ईस्ट इंडिया कंपनीनं सिलोनहून शेवटचा स्टॅडहोल्डर विलेम पाचवा याच्या प्राणिसंग्रहासाठी पाठवली होती. १७८४ मध्ये ती हॉलंडात पोचली आणि पुढे हेट लोला राहिली. १७९५ मध्ये फ्रेंच फौजा आल्या, विलेम पाचवा इंग्लंडला पळाला, आणि फ्रेंचांनी चित्रांबरोबर हत्तीही लुटीत धरले. १७९८ मध्ये ते पॅरिसला पोचले आणि तिथल्या संगीतकारांनी चक्क त्यांच्यासाठी मैफल केली, हत्तींवर सुरांचा काय परिणाम होतो ते बघायला. राज्य गेलं की काय काय जातं याची यादी करायची तर त्यात हे दोन हत्तीही घ्यावे लागतील.

राजवाड्याचं मोठं काम २०१८ ते २०२३ चाललं. पुढच्या चौकाखाली जमिनीत नवीन दालनं खोदली आहेत. वर जिथे हिरवळीचे चौकोन होते तिथे आता पाण्याखाली काच आहे, त्यातून खाली उजेड झिरपतो. ऑरेंज घराण्याचा सलग इतिहास मांडलेलं प्रदर्शन तिथेच आहे, ते आधी बघून मग वरच्या खोल्यांत जावं. वरच्या खोल्या पिढ्यांप्रमाणे लावल्या आहेत. विल्हेल्मिनाच्या खोल्यांपाशी थांबाच. १८९० मध्ये तिचे वडील, राजा विलेम तिसरा (राजवाडा बांधणारा स्टॅडहोल्डर विलेम तिसरा वेगळा), याच राजवाड्यात वारले आणि दहा वर्षांची ही मुलगी राणी झाली. अठरा पूर्ण होईपर्यंत आई एम्मानं कारभार पाहिला. दुसऱ्या महायुद्धात विल्हेल्मिनानं लंडनमधून रेडिओवर बोलून देशाला धीर दिला, १९४८ मध्ये मुलीसाठी गादी सोडली, आणि इथेच येऊन राहिली. १९६२ मध्ये इथेच गेली. पागेत तिची चित्रं काढायची गाडी ठेवली आहे. थंडी-वाऱ्यात बाहेर बसवत नसे म्हणून खिडकीतून निसर्गचित्र रंगवता येईल अशी ती घोडागाडी. पन्नास वर्षं राज्य केलेल्या बाईनं शेवटी मागितलं ते एवढंच.

मध्ये एक छोटी फांदी सांगते. हेट लो बांधणारा स्टॅडहोल्डर विलेम तिसरा १७०२ मध्ये निपुत्रिक वारला, त्याबरोबर मूळ शाखा संपली. आजचा राजा येतो तो फ्रीसलंडच्या नासाऊ शाखेतून. वेळ असेल तर उत्तरेला लेउवार्डनला जा. तिथल्या प्रिन्सेसेहोफमध्ये मारिया लुईज ही विधवा राजकन्या राहायची. लोक तिला लाडानं ‘मारायके मू’, म्हणजे मारायके मावशी, म्हणत. युरोपातल्या आजच्या सगळ्या सत्ताधारी राजे-राण्यांच्या वंशावळी हिच्यापाशी येऊन मिळतात. वाड्यात आता चिनी मातीच्या भांड्यांचं संग्रहालय आहे. चित्रकार एशर याच वास्तूत जन्मला, आणि त्याच्या चित्रांचं संग्रहालय आहे द हेगला, राणी एम्माच्या हिवाळी वाड्यात. दोन्ही टोकांना राजघराण्याचंच घर.

आता ॲमस्टरडॅम. डॅम चौकातली ती करडी इमारत राजवाडा म्हणून बांधलेलीच नाही, हे मनात ठेवून आत शिरा. ते शहराचं टाउन हॉल होतं. याकोब फान काम्पेननं आराखडा केला, १६४८ मध्ये काम सुरू झालं, १६५५ मध्ये उद्घाटन झालं. दलदलीच्या जमिनीत १३,६५९ लाकडी खांब ठोकून वर हा दगडी डोंगर उभा केला. इथली शाळकरी मुलं हा आकडा कसा लक्षात ठेवतात? वर्षाचे ३६५ दिवस, पुढे एक आणि मागे नऊ.

मधल्या मोठ्या दिवाणखान्याच्या संगमरवरी फरशीत पृथ्वीचे दोन गोलार्ध आणि मध्ये उत्तरेचं आकाश जडवलं आहे. लोक त्यावरून चालतात. पूर्व गोलार्धात आपला उपखंड शोधा. ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्याला पायाखाली जग हवं होतं आणि त्याची इच्छा इथे दगडात दिसते. मग दारांवरची शिल्पं बघा. ज्या खोलीत दिवाळखोरांची प्रकरणं चालायची, तिच्या दारावर आकाशातून कोसळणारा इकारस आहे, आणि भोवतीच्या नक्षीत रिकाम्या तिजोऱ्या आणि न फेडलेल्या हुंड्या कुरतडणारे उंदीर. तळमजल्यावर न्यायदालन आहे, तिथे देहदंडाची शिक्षा सुनावली जायची. भिंतीवर लाजेनं तोंड झाकलेल्या स्त्रियांची शिल्पं आहेत आणि जाळीतून बाहेरच्या चौकातल्या लोकांना सगळं दिसायचं.

१८०८ मध्ये लुई नेपोलियननं ही वास्तू स्वतःच्या राजवाड्यासाठी घेतली आणि नगरपालिकेला बाहेर पडावं लागलं. आतलं देखणं फ्रेंच फर्निचर, घड्याळं, झुंबरं त्याचीच. दर्शनी सज्जाही त्यानंच जोडला. २००२ मध्ये आजचा राजा विलेम-अलेक्झांडर आणि माक्सिमा लग्नानंतर ज्या सज्जात उभे राहिले, २०१३ मध्ये त्याची आई बेआट्रिक्सनं गादी सोडून जिथून नव्या राजाला लोकांसमोर आणलं, तो सज्जा परक्या राजानं बांधलेला आहे. नेदरलँड्सचा पहिला राजा फ्रेंच होता. ऑरेंजवाले त्याच्यानंतर आले, १८१३ मध्ये शेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर उतरून, आणि दोन वर्षांनी राजे झाले. ऑडिओ गाइड तिकिटातच मिळतो, घ्याच. राजवाडा सरकारी समारंभांसाठी वरचेवर बंद असतो, म्हणून तारीख ठरवायच्या आधी त्यांचं कॅलेंडर बघा. उन्हाळ्यात बहुधा एखादं ऐतिहासिक प्रदर्शन असतं आणि शरद ऋतूत तरुण चित्रकारांना राजाच्या हस्ते मिळणाऱ्या पुरस्काराचं. हा पुरस्कार १८७१ पासूनचा.

बाजूच्याच निउवे केर्कमध्ये (डेल्फ्टच्या चर्चचं नावही हेच, पण हे चर्च वेगळं) राजाचा शपथविधी होतो. शपथविधीच, मुकुट घालत नाहीत. मुकुट शेजारी मेजावर ठेवलेला असतो, राजा राज्यघटनेची शपथ घेतो आणि मग खासदार त्याच्यापुढे शपथ घेतात. तो मुकुट १८४० चा, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचा, आणि त्यातले मोती नकली आहेत. मला हे फार आवडतं. जो डोक्यावर चढवायचाच नाही, त्याला खरे मोती कशाला?

प्रदर्शनांविषयी विचारलंत म्हणून एका प्रदर्शनाबद्दल सविस्तर सांगते. ते आता संपलं आहे, पण त्यामुळे या देशातली प्रदर्शनं कशी वाचायची ते कळलं. विल्हेल्मिनाला १८९८ मध्ये ॲमस्टरडॅमकरांनी भेट दिलेली सोनेरी बग्गी २०१५ पर्यंत दर सप्टेंबरात संसदेच्या उद्घाटनाला निघायची. मग पाचेक वर्षं तिची डागडुजी झाली आणि २०२१ च्या जूनपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ती ॲमस्टरडॅम म्युझियमच्या अंगणात काचेच्या घरात ठेवली होती. क्रेननं छपरावरून आत उतरवली होती. हे संग्रहालय म्हणजे जुनं अनाथालय, आणि बग्गीच्या आतलं भरतकाम याच अनाथालयातल्या मुलींनी केलेलं. ते टाके काचेपलीकडून अगदी जवळून बघता येत होते.

डाव्या बाजूच्या चित्रफळीपाशी मात्र सगळे गप्प व्हायचे. मधोमध सिंहासनावर गोरी तरुणी, म्हणजे नेदरलँड्स, आणि भोवती वाकलेले काळे आणि आशियाई लोक आपापल्या देशाचा माल तिच्या पायाशी ठेवताहेत. प्रदर्शनानं ती झाकली नाही, माफीचा कागद चिकटवून उरकलंही नाही. आजूबाजूच्या खोल्यांत सुरिनाम आणि इंडोनेशियाशी नाळ असलेल्या लोकांची मतं होती, राजनिष्ठांचीही होती, आजच्या कलावंतांची कामं होती. जानेवारी २०२२ मध्ये राजानं जाहीर केलं की देश तयार होईपर्यंत ही बग्गी निघणार नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं की १६७५ ते १७७० या काळात स्टॅडहोल्डरांना वसाहतींतून आजच्या हिशेबानं सुमारे ५४.५ कोटी युरो मिळाले. त्याच वर्षी १ जुलैला राजानं गुलामगिरीबद्दल जाहीर माफी मागितली. ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची वेंगुर्ल्याला वखार होती, तिचाही पैसा यात आहे. आपण मराठी माणसं ते पडके अवशेष बघून आलेलो असतो, त्यामुळे ही बग्गी आपल्यासाठी परक्यांच्या घरचं भांडण उरत नाही.

द हेगमध्ये राजाचं कचेरीचं ठिकाण आहे नोर्डआइंडे राजवाडा. तो उन्हाळ्यात ठरावीक दिवशी लोकांना खुला होतो. मागच्या राजेशाही पागाही तशाच काही दिवस उघडतात. दोन्हींची तिकिटं ऑनलाइन मिळतात आणि पटापट संपतात, म्हणून जूनपासूनच लक्ष ठेवा. राजा राहतो ते हाउस टेन बोश मात्र बघायला मिळत नाही. द हेगलाच विलेम पाचव्याचं चित्रदालन आहे, १७७४ मध्ये लोकांसाठी उघडलेलं. भिंतभर चौकटीला चौकट लावून टांगलेली चित्रं बघायला तासभर पुरेल. बार्नजवळचा सूस्टडाइक राजवाडा, जिथे युलियानाच्या वाढदिवसाला लोक फुलं आणि केक घेऊन रांगेनं पायऱ्यांपुढून जायचे, तो सरकारनं २०१७ मध्ये खासगी कंपनीला विकला. त्याच्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करू नका.

त्याऐवजी डोर्नला जा. जर्मनीचा कैसर विल्हेल्म दुसरा पदच्युत झाल्यावर १९२० पासून १९४१ मध्ये मरेपर्यंत इथे राहिला. पहिल्या महायुद्धानंतर दोस्तांनी त्याला मागितलं, डच सरकारनं दिलं नाही. ५९ रेल्वे वाघिणी भरून त्याचं सामान आलं होतं आणि घर तो असतानाचं तसंच ठेवलं आहे. लिहायच्या मेजापुढे खुर्चीऐवजी घोड्याचं खोगीर आहे. ऑरेंजवाले राज्य कसे टिकवून राहिले हे बघितल्यावर, गमावलेल्या सम्राटाचं हे घर बघणं फार बोलकं ठरतं.

शेवटी, परतीचं तिकीट लवचीक असेल तर सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारपर्यंत थांबा. त्या दिवशी प्रिन्सयेसदाख असतो, राजा संसदेचं वर्ष सुरू करणारं भाषण वाचतो. बिनेनहोफ या संसदेच्या जुन्या वास्तूची मोठी डागडुजी चालू असल्यानं २०२२ पासून भाषण राजेशाही नाट्यगृहात होतं, आणि मिरवणूक नोर्डआइंडेहून लांगे फोर्हाउटमार्गे तिथे जाते, आता काचेच्या बग्गीतून. पुढची रांग हवी असेल तर सकाळी दहाच्या आत फोर्हाउटच्या झाडांखाली जागा धरा, सोबत घडीची खुर्ची आणि छत्री ठेवा. भाषण संपलं की लगेच नोर्डआइंडेसमोर चालत या, राजपरिवार सज्जात येतो.